मनाने बंद केलेलं स्टिरॉइड: एक केस, सुरुवातीपासून

आधीच सांगते, ही केस कुठल्या एका खऱ्या माणसाची नाहीये. लांब मुदतीचं स्टिरॉइड घेणाऱ्या लोकांमध्ये जे पुन्हा पुन्हा घडतं ते एकाच पेशंटमध्ये बसवून लिहिलंय, म्हणजे सगळं सलग समजेल. आकडे अशा पेशंटमध्ये दिसतात तसेच घेतलेत. आपण त्यांना काकू म्हणू.

काकूंचं वय ६६. बीपीची एक गोळी चालू, शुगर बॉर्डरवर म्हणजे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.२, बाकी तब्येत ठणठणीत, रोज चालायला जाणं, घरातलं सगळं स्वतः करणं असं चाललेलं. मग दोन-तीन आठवड्यांत खांदे धरले, दोन्ही, आणि पाठोपाठ कंबरेखालचा मांड्यांचा वरचा भाग. सकाळी तर इतकं आखडायचं की कूस बदलायला कोणीतरी हात द्यावा लागायचा, केस विंचरायला हात वर जाईना, आणि मग दीड-दोन तासांनी हळूहळू सैल व्हायचं. पहिले काही आठवडे वय झालं, मणक्याचा त्रास असेल, असं म्हणत पेनकिलरवर गेले. वजन दोनेक किलो उतरलं तेव्हा कुठे रक्त तपासलं तर अंगातली सूज दाखवणारे ईएसआर ७८ आणि सीआरपी ५२, दोन्ही वाढलेले. संधिवाताचा आरए फॅक्टर निगेटिव्ह, थायरॉइड नॉर्मल, स्नायूंचं सीपीके नॉर्मल. पन्नाशीच्या पुढचं वय, दोन्ही खांदे, दोन्ही नितंबांचा भाग, सकाळचा ताठरपणा पाऊण तासापेक्षा जास्त आणि सूज दाखवणारे रिपोर्ट वाढलेले, हे चित्र पॉलिमायाल्जिया र्‍हुमॅटिका या आजाराचं.

इथे डॉक्टरांनी एक काम नीट केलं ते सांगायलाच हवं. त्यांनी विचारलं, नवीन डोकेदुखी आहे का, कंगवा लावला की डोक्याची कातडी दुखते का, चावताना जबडा दुखतो का, नजर मधेच अंधुक होते का. कारण या आजाराचा एक सख्खा भाऊ आहे, जायंट सेल आर्टेरायटिस, त्यात रक्तवाहिनीलाच सूज येते आणि नजर कायमची जाऊ शकते. तिथे १५ मिलीग्रॅमवर भागत नाही, ४० ते ६० मिलीग्रॅम लागतं आणि तेही तपासण्यांचे रिपोर्ट यायची वाट न बघता लगेच, नजर आधीच कमी झाली असेल तर शिरेतून त्याहून जास्त. काकूंना यातलं काही नव्हतं. मग प्रेडनिसोलोन १५ मिलीग्रॅम, रोज सकाळी, पोटात काहीतरी असताना.

तिसऱ्या दिवशी काकू स्वतःच्या स्वतः उठून बसल्या. आठवड्याने दाखवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, गोळी भलतीच जोरदार आहे हो, दुखणं होतं की नव्हतं असं झालंय."

हे असंच होतं आणि या औषधाची सगळी गोष्ट याच चमत्कारापासून सुरू होते. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जवळजवळ जागेवरच बसलेल्या २९ वर्षांच्या एका बाईंना तेव्हा 'कंपाउंड ई' म्हणत ते औषध, म्हणजे कॉर्टिसोन, इंजेक्शनने दिलं आणि काही दिवसांत त्या चालायला लागल्या. १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन या तिघांना नोबेल मिळालं, इतक्या पटकन नोबेल क्वचितच मिळतं. पण त्या पहिल्या काही पेशंटमध्येच चेहरा गोल होणं, मूड बिघडणं आणि औषध थांबवलं की दुखणं परत उसळणं हेही दिसलं होतं. म्हणजे फायदा आणि किंमत दोन्ही पहिल्यापासून समोर होतं.

आता हे नेमकं काय करतं ते थोडक्यात. आपल्या दोन्ही किडन्यांच्या वर ॲड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यांच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल तयार होतं. प्रेडनिसोलोन हे त्याच कॉर्टिसॉलचं जास्त ताकदवान भावंड, साधारण ५ मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन बरोबर २० मिलीग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, ४ मिलीग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा पाऊण मिलीग्रॅम डेक्सामेथासोन. हे पेशीच्या आत शिरतं, रिसेप्टरला चिकटून केंद्रकात जातं आणि सूज पेटवणारी जी रसायनं तयार व्हायची असतात त्यांच्या जीन्सच बऱ्याच प्रमाणात बंद करतं. म्हणून ते दमा, त्वचेचे आजार, किडनीचा नेफ्रॉटिक सिंड्रोम, आतड्याची सूज, अवयव रोपण, काही रक्ताचे कॅन्सर अशा एकमेकांशी काही संबंध नसलेल्या ठिकाणी चालतं. आणि म्हणूनच ते नको तिथेही पोचतं, हाड, स्नायू, डोळा, साखर, मेंदू, सगळीकडे तोच रिसेप्टर आहे. जिममध्ये मसल वाढवायला घेतात ते स्टिरॉइड वेगळं, ते पुरुषी हार्मोनच्या जातीचं, त्याचा या गोळीशी संबंध नाही. काकूंच्या पुतण्यालाही ही दोन्ही एकच वाटली होती.

हे औषध आजाराचं मूळ काढत नाही. पॉलिमायाल्जिया आपला वेळ घेतो, वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, आणि तोवर गोळी सूज दाबून धरते. म्हणून डोस हळूहळू उतरवतात: काकूंना १५ वर तीन आठवडे, साडेबारावर तीन आठवडे, १० वर दीडेक महिना आणि मग महिन्याला १ मिलीग्रॅम कमी, असा आराखडा होता. आराखडा चांगला होता. फक्त तो डॉक्टरांच्या डोक्यात आणि फाईलमध्ये होता, काकूंच्या हातात दर भेटीला फक्त पुढच्या महिन्याचा डोस लिहिलेला कागद.

आता मधले महिने. पहिल्या महिन्यात झोप उडाली, रात्री दोनला टक्क जागी, घर आवरत बसायच्या. गोळी सकाळीच घ्यायची त्याचं एक कारण हे, आणि दुसरं म्हणजे शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही पहाटे-सकाळीच सगळ्यात जास्त असतं, त्याच लयीत बाहेरचं दिलं तर आतल्या यंत्रणेवर दाब त्यातल्या त्यात कमी पडतो. भूक वाढली, पाच महिन्यांत सहा किलो. चेहरा गोल झाला, मानेच्या मागे थोडी गादी आली. हाताच्या पुढच्या भागावर जरा कुठे आपटलं की जांभळे डाग.

शुगरचं मात्र निसटलं आणि ते निसटायची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. दर महिन्याला उपाशीपोटीची शुगर बघितली जायची, ९८, १०४, १०१, म्हणजे छान. पण सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन साखर चढवतं ती दुपारी-संध्याकाळी, रात्रीतून असर उतरतो आणि सकाळी रिपोर्ट परत शहाण्यासारखा येतो. चौथ्या महिन्यात लघवीला सारखं जावं लागतं म्हणून कोणीतरी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी बघितलं तर २३६. स्टिरॉइडवर असलेल्या माणसाची फक्त उपाशीपोटीची साखर बघून समाधान मानायचं नाही, हे मी प्रत्येकाला सांगते, दुपारची बघा, आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी.

हाडांकडे लक्ष दिलं होतं, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी पहिल्या दिवसापासून, डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून हाडांसाठीची आठवड्याची गोळीही सुरू केली होती. हे महत्त्वाचं कारण स्टिरॉइडने हाडाची झीज सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, बघू पुढे म्हणेपर्यंत मणक्याचं हाड दबलेलं असतं. डोळे तपासायचे राहिले होते, मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्हीची शक्यता वाढते.

तर पाचव्या महिन्याच्या शेवटी काकू ८ मिलीग्रॅमवर होत्या. दुखणं नाही. आरशात बघितलं की मात्र ओळख पटेना. शुगरची आणखी एक गोळी मागे लागली. त्यात एका लग्नात भेटलेल्या बाईंनी चिठ्ठी बघितली आणि म्हणाल्या, "अगं हे तर स्टिरॉइड आहे! किडनी, लिव्हर, हाडं सगळं खलास करतं, आजच्या आज बंद कर." रात्री मोबाईलवर शोधलं तर तिथेही तेच. दुसऱ्या दिवसापासून काकूंनी गोळी बंद केली, मनानेच, एकदम. घरात कोणाला बोलल्या नाहीत कारण मुलगी रागावली असती.

यात काकूंना मूर्ख समजणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. त्यांची भीती खोटी नव्हती, चेहरा, साखर, वजन, डाग, सगळं त्यांच्या अंगावर दिसत होतं. आणि "हे अचानक बंद करायचं नाही" हे एक वाक्य त्या पाच महिन्यांत त्यांना कोणी स्पष्टपणे सांगितलेलं नव्हतं, ना तोंडी, ना गोळीच्या पाकिटावर, ना फाईलवर. दर भेटीत डोस कमी होतोय म्हणजे हे औषध जितकं लवकर संपेल तितकं चांगलं, असा अर्थ त्यांनी लावला. कोणीही तोच लावेल.

आत काय झालं होतं ते आता बघू. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्यूटरीला सांगतो, पिट्यूटरी ही मेंदूखालची ग्रंथी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते, एसीटीएच ॲड्रिनलला सांगतं कॉर्टिसॉल बनव. रक्तात पुरेसं कॉर्टिसॉल दिसलं की वरचे दोघं गप्प बसतात. बाहेरून गोळी येते तेव्हा मेंदूला ती गोळी आहे हे कळत नाही, त्याला दिसतं की माल भरपूर आहे, ऑर्डर थांबवा. महिनोन्महिने ऑर्डर आली नाही की ॲड्रिनलचा तो थर अक्षरशः आक्रसतो, बारीक होतो. शरीराची रोजची गरज प्रेडनिसोलोनच्या हिशेबात साधारण ४ ते ६ मिलीग्रॅम. त्याच्या वरचा डोस तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त चालला की ही यंत्रणा झोपली असं धरूनच चालायचं. आणि ती उठायला दिवस नाही, आठवडे ते महिने लागतात, काहींना वर्ष किंवा जास्त. कोणाची किती झोपलीये हे फक्त डोस आणि महिने बघून नेमकं सांगता येत नाही, माणसागणिक फार फरक पडतो.

पहिल्या दोन दिवसांत काकूंना काही वाटलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग जड, सांधे दुखरे, तोंडाला चव नाही, सकाळी मळमळ. त्यांना वाटलं औषध अंगातून निघतंय त्याचा त्रास. मुलीला वाटलं आजार परत आला. दोन्ही अंदाज तसे अगदीच चुकीचे नव्हते, कारण स्टिरॉइड उतरताना तीन वेगवेगळ्या गोष्टी सारख्याच दिसतात. एक, मूळ आजार उसळणे, त्यात जुनीच दुखणी जुन्याच जागी येतात आणि सीआरपी वाढतो. दोन, विथड्रॉवल, म्हणजे शरीराला वरच्या डोसची सवय झालेली असते, अंग दुखतं, मन उदास होतं, पण कॉर्टिसॉल पुरेसं असू शकतं. तीन, खरोखरच कॉर्टिसॉल कमी पडणे, त्यात मळमळ, उलटी, उभं राहिल्यावर चक्कर, बीपी खाली, सोडियम खाली. पहिल्या दोन्हींत त्रास होतो, तिसऱ्यात जीव जातो. घरबसल्या यातलं कुठलं ते ठरवता येत नाही, म्हणून स्टिरॉइड कमी किंवा बंद केल्यावर उलट्या किंवा चक्कर सुरू झाली की थांबायचं नाही, दाखवायचं.

सातव्या दिवशी लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप. साधं लघवीचं इन्फेक्शन. निरोगी माणसाचं शरीर अशा वेळी कॉर्टिसॉल कित्येक पटीने वाढवतं, त्यावरच बीपी टिकतं, साखर टिकते. काकूंकडे वाढवायला काही नव्हतंच. आठव्या दिवशी उलट्या, नवव्या दिवशी पहाटे बाथरूममध्ये पडल्या, आणल्या तेव्हा बीपी ७४/४०, नाडी ११८, शुगर ५८, हाका मारल्या तर डोळे उघडायच्या आणि परत मिटायच्या.

कॅज्युअल्टीत नेहमीचा प्रश्न विचारला, "सध्या कुठली औषधं चालू आहेत?" मुलीने गोळ्या बघितल्या होत्या, तिने खरं तेच सांगितलं, "बीपीची आणि शुगरची. बाकी काही नाही." बीपीची आणि शुगरची गोळी थांबवली, साखर दिली, इन्फेक्शनने बीपी पडलंय म्हणून सलाईन जोरात, कल्चर घेऊन ॲन्टिबायोटिक, सगळं बरोबर आणि वेळेत. दोन लिटर गेलं तरी बीपी ८० च्या पुढे सरकेना. रिपोर्ट आले, सोडियम १२२ म्हणजे बरंच खाली, पोटॅशियम ४.३ म्हणजे नॉर्मल, किडनीचं क्रिएटिनिन १.६ म्हणजे थोडं वर.

माझ्या मते या पूर्ण केसचा जीव त्या एका प्रश्नात अडकला होता. सध्या काय चालू आहे असं विचारून भागत नाही, गेल्या वर्षभरात स्टिरॉइड घेतलंय का, गोळी, इंजेक्शन, सांध्यातलं इंजेक्शन, पंप, मलम, कुठल्याही रूपात, असं विचारावं लागतं. आणि पेशंटला 'स्टिरॉइड' हा शब्द माहीत नसू शकतो, तेव्हा "सांधेदुखीची अशी गोळी होती का जिने दोन दिवसांत जादूसारखं बरं वाटलं आणि चेहरा भरला?" असं विचारलं की आठवतं.

ड्युटीवरच्या रेसिडेंट डॉक्टरने सलाईन लावताना हात बघितला. कागदासारखी पातळ कातडी, जांभळे डाग, आणि वर गोल चेहरा. शरीरात कॉर्टिसॉल जास्त झाल्याची सगळी लक्षणं अंगावर, आणि समोरचं चित्र मात्र कॉर्टिसॉल संपल्याचं. हे दोन्ही एका माणसात एकत्र दिसलं की उत्तर जवळपास एकच असतं, स्टिरॉइड भरपूर दिवस घेतलं आणि थांबलं. त्याने मुलीला परत विचारलं, तेव्हा तिला ती "छोटी पांढरी गोळी, सकाळची" आठवली, घरी फोन करून कपाटात बघायला सांगितलं तर पाकीट अर्धं भरलेलं.

सोडियम-पोटॅशियमचं इथे एक बारीक पण कामाचं आहे. ॲड्रिनल ग्रंथीच खराब होते तो ॲडिसनचा आजार, थॉमस ॲडिसनने १८५५ मध्ये वर्णन केलेला, त्यात मीठ सांभाळणारं अल्डोस्टेरॉनही जातं म्हणून पोटॅशियम चढतं, आणि एसीटीएच वाढल्यामुळे कातडी काळवंडते. काकूंच्या बाबतीत ग्रंथीला वरून हुकूम मिळत नव्हता, अल्डोस्टेरॉन वेगळ्या यंत्रणेवर चालतं ते शाबूत होतं, म्हणून पोटॅशियम नॉर्मल, कातडी काळी नाही. म्हणजे पोटॅशियम नॉर्मल आहे म्हणून ॲड्रिनलचा प्रश्न नाही, असं म्हणून कोणी पुढे गेलं असतं तर पुस्तकातलं अर्धंच वाचल्यासारखं झालं असतं.

मग रक्ताचा एक नमुना कॉर्टिसॉल आणि एसीटीएचसाठी काढून ठेवला आणि रिपोर्टची अजिबात वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलीग्रॅम शिरेतून. त्यानंतर चोवीस तासांत २०० मिलीग्रॅम, थेंब थेंब चालू किंवा दर सहा तासांनी ५०, दोन्ही चालतं. सलाईन चालूच. शंका खोटी निघाली असती तर १०० मिलीग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या एका डोसने फारसं काही बिघडलं नसतं, शंका खरी असून थांबलो असतो तर बाई गेल्या असत्या, त्यामुळे इथे विचार करत बसायला जागाच नाही. चारेक तासांत बीपी १०४/६४, संध्याकाळी काकूंनी पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉलचा रिपोर्ट आला, १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, एसीटीएचही खाली. इतक्या आजारी माणसात ते १८-२० च्या वर असायला हवं होतं.

सोडियम सांभाळून वर आणावं लागलं. स्टिरॉइड मिळालं की किडनी अडवून धरलेलं पाणी एकदम सोडते आणि सोडियम भराभर चढतं, आणि ते फार वेगाने चढलं तर मेंदूला इजा होते, म्हणून पहिल्या दिवशी दर काही तासांनी तपासणी. चौथ्या दिवशी तोंडाने गोळी, सहाव्या दिवशी घरी.

हे काही नवीन ज्ञान नाहीये. १९५२ मध्येच, कॉर्टिसोन वापरात येऊन तीन-चार वर्षं होत नाहीत तोवर, एका अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये संधिवातासाठी कॉर्टिसोन घेतलेल्या ३४ वर्षांच्या पेशंटची केस छापली गेली, ऑपरेशननंतर बीपी पडलं ते वर आलंच नाही आणि नंतर ॲड्रिनल आक्रसलेल्या सापडल्या. इतकी वर्षं हे माहीत असून अजूनही माणसं याच रस्त्याने आयसीयूत येतात, कारण ही माहिती डॉक्टरच्या परीक्षेच्या पेपरात असते आणि गोळी घेणाऱ्याच्या घरात नसते.

आता घाबरून कोणी दम्याचा पाच-सात दिवसांचा कोर्स नाकारू नये म्हणून दुसरी बाजूही लिहिते. तीन-चार आठवड्यांच्या आतला कोर्स साधारणपणे हळूहळू उतरवावा लागत नाही, निदान ॲड्रिनलसाठी तरी नाही. लहान मुलांच्या क्रूप खोकल्यात डेक्सामेथासोनचा एक डोस पुरतो. दिवस भरायच्या आधी बाळ जन्मणार असं दिसलं तर आईला दोन इंजेक्शनं दिली की बाळाची फुप्फुसं तयार व्हायला मदत होते, लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये हे दाखवलं आणि तेव्हापासून किती बाळं त्यामुळे वाचली असतील. कोविडमध्ये २०२० च्या रिकव्हरी ट्रायलने दाखवलं की ६ मिलीग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी करतं, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने, आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही त्यांना काही फायदा नाही. तेच औषध, तोच आजार, फक्त टप्पा वेगळा. आणि डोक्याला जबर मार लागलेल्यांना मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड देत असत, ते बरोबरच असणार असं सगळे धरून चालले होते, २००४ मध्ये क्रॅश ट्रायलचे दहा हजारांवर पेशंटचे आकडे आले तर स्टिरॉइड दिलेल्यांमध्ये मृत्यू जास्त. म्हणून "स्टिरॉइड चांगलं की वाईट" हा प्रश्नच मला पटत नाही, कोणाला, कशासाठी, किती आणि कधीपर्यंत, हे विचारा.

गोळीइतकं लक्ष मलम आणि पंपाकडे जात नाही तेही सांगते. क्लोबेटासोलसारखं जोरदार मलम महिनोन्महिने मोठ्या भागावर चोळलं तर तेही रक्तात जाऊन हीच यंत्रणा झोपवू शकतं. दम्याचा पंप नेहमीच्या डोसमध्ये सुरक्षित असतो, पण त्याच्यासोबत रिटोनाविर (एचआयव्हीवरचं) किंवा इट्राकोनाझोल (बुरशीवरचं) यांसारखं औषध चालू असेल तर पंपातलं स्टिरॉइड, म्हणजे फ्लुटिकासोन किंवा बुडेसोनाइड, शरीरातून बाहेर पडेनासं होतं आणि साध्या पंपावर माणसाला कुशिंग होतं, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त झाल्याची गोल चेहरा, पातळ कातडी अशी लक्षणं दिसतात. उलट टीबीच्या रिफॅम्पिसिनने प्रेडनिसोलोन लवकर संपतं, डोस तोच असून कमी पडतो. आणि सांधेदुखीवरचं रामबाण म्हणून मिळणारी, आत काय आहे ते न लिहिलेली पावडर किंवा गोळी, तिने दोन दिवसांत जादू केली तर आधी संशय हाच घ्या की आत स्टिरॉइड मिसळलंय.

काकूंचं पुढे काय झालं. त्यांना प्रेडनिसोलोन १० मिलीग्रॅमवर आणलं, कारण मूळ आजारही डोकं वर काढत होता, आणि महिन्याला १ मिलीग्रॅमने परत उतरवणं सुरू केलं. या वेळी पूर्ण वर्षाचा तक्ता त्यांच्या हातात दिला, कुठल्या महिन्यात किती, आणि ५ मिलीग्रॅमवर आल्यावर थांबून रक्त तपासायचं हेही त्यातच लिहिलं. मुलीला शेजारी बसवून आजारपणाचे नियम समजावले: ताप किंवा ॲन्टिबायोटिक लागेल असं इन्फेक्शन आलं आणि त्या वेळी डोस १० पेक्षा कमी असेल तर आजार असेपर्यंत ५ सकाळी आणि ५ संध्याकाळी. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर परत एकदा घ्यायची, तीही पडली तर घरी थांबायचं नाही, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं. ऑपरेशन किंवा मोठी दुखापत असेल तर आधीच सांगायचं. पर्समध्ये कार्ड, त्यावर मोठ्या अक्षरात: स्टिरॉइडवर आहे, अचानक बंद करू नये, बीपी पडलं तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलीग्रॅम लगेच. काकूंनी कार्डाचा फोटो मुलीच्या, सुनेच्या आणि शेजारणीच्या मोबाईलवर पाठवला, ही युक्ती त्यांची स्वतःची आणि मी ती आता सगळ्यांना सांगते.

५ वर आल्यावर सकाळी आठ-नऊच्या मधे, आदल्या गोळीला चोवीस तास होऊन गेल्यावर आणि त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी कॉर्टिसॉल तपासलं. गोळी घेऊन रक्त दिलं तर बऱ्याच लॅबच्या पद्धतीत प्रेडनिसोलोनच कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो, त्यामुळे ही वेळ पाळणं गरजेचं. पहिल्यांदा ४.१. ५ च्या खाली म्हणजे यंत्रणा अजून झोपलेलीच, डोस तसाच. तीन महिन्यांनी ७.६, म्हणजे उठतेय पण भरवसा नाही, ४ मिलीग्रॅम आणि परत थांबा. काकू वैतागल्या, "अजून किती?" विचारलं, तर खरं तेच सांगितलं की तारीख देता येणार नाही, रिपोर्ट सांगेल तेव्हा. त्यानंतरचा रिपोर्ट १२.४. १० च्या वर गेलं की यंत्रणा सावरली असं धरतात. तोवर सांधेही शांत होते, सीआरपी ४, तेव्हा गोळी बंद केली, पहिल्या गोळीपासून दीड वर्ष उलटून गेल्यावर.

वजन चार किलो उतरलं, चेहरा बराचसा पहिल्यासारखा, शुगरची गोळी सुटली पण एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी बघायचं ठरलंय. डोळ्यांची तपासणी शेवटी झाली तेव्हा दोन्ही डोळ्यांत भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदूची सुरुवात दिसली, स्टिरॉइडने होतो तो याच जागी होतो, सध्या ऑपरेशनची घाई नाही. हाडांची गोळी चालू आहे, डेक्सा परत करायचाय. आणि गोळी बंद झाली तरी कार्ड अजून वर्षभर पर्समध्येच ठेवायला सांगितलंय, कारण सकाळचं कॉर्टिसॉल चांगलं आलं तरी मोठं इन्फेक्शन किंवा ऑपरेशन आलं तर तेवढा ताण ही यंत्रणा पेलेलच असं गृहीत धरायचं नाही, त्या दिवशी समोर जो कोणी डॉक्टर असेल त्याला हे सांगावंच लागेल.